हलकेच्या शेतातला हओ

गजभिये मॅडम गेल्या त्या आठवड्यात बार रूममध्ये शोकसभा झाली. अध्यक्षांनी फोटोला हार घातला, घसा साफ केला आणि म्हणाले, "कुंदाजी बहुत ही शांत और मृदुभाषी महिला थीं." मी मागच्या बाकावर बसलो होतो. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मला मान्य आहे, पण निदान त्याच माणसाबद्दल बोलावं. कुंदा गजभिये शांत! जबलपूरच्या जिल्हा न्यायालयात असा एक तरी पंखा दाखवा, ज्याच्या घरघरीवर त्यांचा आवाज चढला नव्हता. आणि हे अध्यक्ष तर त्यांच्या तोंडून जे ऐकून बसले होते, ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. ते पुढे येईलच.

माझं टेबल व्हरांड्यात त्यांच्या टेबलाला लागून. मी दिवाणीवाला, म्हणजे भाडेकरू, वाटण्या, बांधावरची भांडणं. त्या फौजदारीत, आणि फौजदारीतही एकाच प्रकारच्या माणसांच्या वकील: ज्यांच्या हातून माणूस मेला, पण ज्यांना तो मारायचा नव्हता. कायद्यात याला सदोष मनुष्यवध म्हणतात, आमच्याकडे कोर्टात गैर इरादतन हत्या. "खुन्याला वकील लागतो," त्या म्हणायच्या. "याईले आधी कोणीतरी रागवाले लागते. घरचे रडून राहतात, गावचे थुंकून राहतात, नीट रागवत कोणीच नाही. ते मी करतो."

त्यांचे वडील खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. बालपण तिथल्याच क्वार्टरमध्ये गेलं. मूळ घर भंडाऱ्याकडचं. चौदा एप्रिलला पांढरी साडी नेसून त्या वस्तीतल्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे असायच्या, आणि तिथेही कुणा ना कुणाला झापत असायच्या. माझं आडनाव पांढरीपांडे. पहिल्याच दिवशी त्यांनी ते ऐकलं, "एवढं घ्यायले वेळ कोणाले आहे?" म्हणाल्या आणि त्याचं पांडेजी करून टाकलं. तेव्हापासून निम्मं कोर्ट मला उत्तर प्रदेशातला समजतं.

गाडी चालवायला त्या कधी शिकल्या नाहीत. "मी या डोक्यानं गाडी चालवली, तर माझ्याच हातून कोणीतरी मरन. मग माझी केस कोण लढन? तुम्ही?" तेव्हा कुठे जायचं तर माझी गाडी आणि मी. हिवाळ्यात त्यांच्या काळ्या कोटाच्या दोन्ही खिशांत मटाराच्या शेंगा असत. आशिलाचं ऐकता ऐकता सोलायच्या, दाणे तोंडात टाकायच्या, टरफलं माझ्या टेबलावर. तक्रार केली की म्हणत, "तुमच्याकडं तशाही फायली वाळूनच राहिल्या."

आशील समोर बसला की पहिला प्रश्न ठरलेला. "कौन मरा?" माणूस सुरू करायचा, की मॅडम, ब्रेक लागला नाही, मॅडम, माझी चूक नव्हती. "मैंने पूछा, कौन मरा. नाम बोलो." नाव आलं की घरी कोण आहे, काय काम करायचा, वय काय. येत नसेल तर उठवून लावायच्या. जा, माहीत करून घे, मग ये. एकदा एका बड्या कंत्राटदाराच्या मुलानं दारू पिऊन गाडी एका हातगाडीवर घातली. बाप मिठाईचा डबा घेऊन आला. "कौन मरा?" बापानं आठवून पाहिलं आणि म्हणाला, "कोई सब्ज़ीवाला था." मॅडमनी तो डबा उघडला, व्हरांड्यातल्या शिपायांना, साक्षीदारांना, बेड्या घातलेल्या कैद्यांनासुद्धा वाटून टाकला आणि रिकामा डबा त्याच्या हातात दिला. "नाम लेकर आना." तो परत आला नाही. त्याला वकील काय, दहा मिळाले. अध्यक्ष त्यातलेच.

दुसरी सवय माझ्या मुळावर आली होती. माणूस कसा मेला हे त्या नुसतं ऐकून घेत नसत, करून बघत. आणि मेलेला माणूस मी. त्या व्हरांड्यात मी कितीदा मेलो, देव जाणे. एक रिटायर झालेले रेल्वेवाले काका होते, आपल्यातलेच, मराठी. भाडेकरूशी वाद झाला, जिन्यावर धक्का दिला, तो पडला आणि गेला. काका रडत म्हणाले, "मी काहून धक्का दिला, मॅडम, मलेच समजून नाही राहिलं."

"तुम्हाले समजत नाही, तं जजले काय समजन? उठा. पांडेजी, तुम्ही पायरीवर उभे राहा. हं काका, द्या."

काकांनी माझ्या खांद्याला नुसता हात लावला.

"असा दिला असता तं तो मेला नसता! नीट द्या!"

काकांनी पुन्हा हात उचलला आणि तो तसाच राहिला. मग ते पायरीवर बसले आणि पहिल्यांदा त्यांनी खरं सांगितलं: भाडेकरू त्यांच्या बायकोबद्दल, नुकत्याच गेलेल्या बायकोबद्दल, वाईटसाईट बोलला होता. ते त्यांना पोलिसांसमोर तोंडातून काढायचं नव्हतं. मॅडम गरजल्या, "मग हे आधी सांगाले काय झालं होतं? जेलमध्ये जाऊन सांगनार होते?" आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून तशाच ओरडत राहिल्या. एक हात पाठीवर, तोंडाचा पट्टा चालू.

कुणाला "बेचारा" म्हटलेलं त्यांना चालत नसे. माझ्या तोंडून एकदा गेलं, तर दिवसभर बोलल्या नाहीत. संध्याकाळी म्हणाल्या, "बेचारा म्हटलं का आपलं काम संपते, पांडेजी. म्हणून म्हणतात लोक."

शिवलालची केस आली ती मटाराच्या दिवसांत. बरगीकडच्या एका गावातला शेतकरी. त्याची बायको टेबलाशी आली आणि मॅडमनी विचारायच्या आतच रडत सांगायला लागली, हलके भैया गेले, हलके भैया असे होते, लहानपणी दोघं एका ताटात जेवत. नवऱ्याचं नाव शेवटी आलं. मॅडमनी शेंग खाली ठेवली आणि वकीलपत्र पुढे ओढलं.

झालं होतं असं. तिकडे रानडुकरं रात्रीत मटाराचं उभं शेत लोळवून टाकतात. वनखात्याकडे अर्ज करा, कुणी फिरकत नाही. म्हणून गावातले लोक शेताभोवती तार ओढतात आणि अंधार पडला की विजेच्या लाइनवर आकडा टाकून तिच्यात करंट सोडतात. बेकायदा आहे. लाइनमनला माहीत आहे, ठाण्याला माहीत आहे, सगळ्यांना माहीत आहे. हलके हा शिवलालचा शेजारी, बांधाला बांध. त्या दिवशी तो मटार घेऊन जबलपूरच्या मंडीत गेला होता. अंधार पडल्यावर परतला, वाटेत त्याला आपली सुटलेली कालवड दिसली. तिच्या मागे धावला, तो शिवलालच्या तारेवर गेला.

यात निष्काळजीपणानं मृत्यू असं कलम लागलं असतं, तर शिक्षा थोडी होती. पण पोलिसांनी मोठं कलम लावलं. का? तर आपल्या कृत्यानं माणूस मरू शकतो, याची आरोपीला जाणीव होती. जाणीव होती कशावरून? तर तार जोडण्यापूर्वी तो रोज बांधावर उभा राहून साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशी हाक द्यायचा: तार जुड़ रही है! माणूस मरेल हे कळत होतं म्हणूनच हाक देत होता ना?

आरोपपत्र वाचून मॅडमनी ते टेबलावर आपटलं. टरफलं उडाली. "म्हणजे जो गुपचूप तार जोडून झोपते, त्याले काही माहीत नव्हतं! आणि जो गळा फाडून सांगते, त्याले दहा वर्षं! वा!" मीही हादरलो होतो. कायद्याचं वाक्य चुकीचं नव्हतं, हीच तर चीड आणणारी गोष्ट होती.

अध्यक्ष, तेव्हा ते अध्यक्ष नव्हते, शेजारून जाता जाता म्हणाले, "मैडम, सीधी बात है. गवाहों से कहलवा दो कि आवाज़ दी ही नहीं. जानकारी वाला मामला ही ख़तम." सल्ला वकिली दृष्टीनं अगदी बिनचूक होता. मॅडम उभ्या राहिल्या. "उस आदमी ने एक ही काम सही किया है, वही मिटा दूँ? आप वकील हैं कि दलाल?" व्हरांड्याच्या त्या टोकापर्यंत ऐकू गेलं. मृदुभाषी म्हणे!

मग आम्ही त्या गावी गेलो. माणूस जिथे मेला तिथे, तो मेला त्या वेळी जाऊन उभं राहायचं, हा त्यांचा नेम. संध्याकाळ उतरत होती. हलकेला जाऊन फार दिवस झाले नव्हते, आणि तरी पलीकडच्या शेतात एक जण तारा ओढत होता. मॅडम दात आवळून बघत राहिल्या. तेवढ्यात त्यानं हाक दिली, "तार जुड़ रही है होऽऽ!" आणि मग मला ठाऊक नसलेली गोष्ट घडली. चहूकडून, एकेका शेतातून, एकेक आवाज आला. "हओ!" "हओऽ!" बायांचे, म्हाताऱ्यांचे, पोरांचे. हओ म्हणजे आमच्याकडे हो.

बांधावर एक म्हातारा बसला होता. मॅडमनी त्याला विचारलं, हे काय?

"हर खेत से हओ आना चाहिए, बाई," म्हातारा म्हणाला. "जिस खेत से नहीं आया, समझो उसने सुना नहीं. तब तक तार नहीं जुड़ती. आदमी जाकर देखता है."

"शिवलाल भी रुकता था?"

"वो तो सबसे ज़्यादा रुकता था."

"तो उस दिन हलके के खेत से हओ आया था?"

म्हाताऱ्यानं मान फिरवली. त्यानं बिडी पेटवली. "आया होगा," म्हणाला. "नहीं तो शिवलाल जोड़ता नहीं."

गाडीत बसल्यावर मॅडमनी डॅशबोर्डवर एवढ्या जोरात हात मारला की माझा चष्मा खाली पडला. "हलके मंडीत होता, पांडेजी. मग त्याच्या शेतातून बोललं कोण?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता म्हणाल्या, "बायको. फूलाबाई. नवरा घरी आला का सांगू, म्हणून तिनं हओ दिला. आणि तो घरी आलाच नाही, सीधा कालवडीच्या मागं पळाला."

शिवलालला वाचवणारी गोष्ट हीच होती. त्यानं हाक दिली, सगळीकडून जबाब आला, सगळ्यांना कळलं असं समजून त्यानं तार जोडली. जाणीव होती, तशी काळजीही घेतली होती. पण ही गोष्ट होती फूलाबाईच्या तोंडात, आणि फूलाबाई होती सरकारी साक्षीदार, हलकेची विधवा. मॅडम दुसऱ्याच दिवशी जेलमध्ये गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा लालबुंद. शिवलालला सगळं ठाऊक होतं. आवाज ओळखला होता त्यानं. तरी एकालाही बोलला नव्हता.

"शिवलाल हात जोडून म्हणते, मैडम, भौजी का नाम मत लेना. देवर-सास पहले ही ताक में बैठे हैं. कहेंगे, आदमी को खा गई. बेघर कर देंगे." मॅडम त्याची नक्कल करता करता थांबल्या. "मी म्हटलं, अबे, तुले दहा वर्षं पडन. तुझे लेकरं? तं म्हणते, मेरे तो हाथ से मरा है, मैडम. मले राग कोणाचा येऊन राहिला, तेच समजत नाही, पांडेजी. याचा, का तिचा, का पोलिसांचा, का डुकरांचा."

फूलाबाईची साक्ष झाली त्या दिवशी मी माझं काम सोडून मागे जाऊन बसलो. ती पिंजऱ्यात उभी, डोक्यावर पदर ओढलेला. मागच्या बाकावर तिचा दीर आणि सासू. सरकारी वकिलांनी विचारायचं ते विचारलं. मग मॅडम उठल्या. मी त्यांना इतक्या हळू आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"शिवलाल रोज़ आवाज़ देता था?"

"देता था."

"उस दिन दी?"

"दी."

"जवाब आया?"

फूलाबाईनं मान वर केली. "आया."

"सब खेतों से?"

ती आरोपीच्या पिंजऱ्याकडे बघत होती. शिवलालनं डोळे मिटून घेतले होते. "सब से," ती म्हणाली.

मॅडम लगेच म्हणाल्या, "बस. और कुछ नहीं पूछना," आणि बसल्या. मला आत कुठेतरी टाळी वाजवावीशी वाटली. हवं ते सगळं कागदावर आलं होतं, आणि बाईचं नाव कुठेच आलं नव्हतं. वकिली म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

आणि जजसाहेबांनी पेन खाली ठेवलं. वाईट माणूस नव्हता. नुसतं कुतूहल. "पर मृतक तो मंडी गया था न? फिर आपके खेत से जवाब किसने दिया?"

मॅडम ताडकन उठल्या. "साहब, यह सवाल ज़रूरी नहीं है!"

"अदालत पूछ रही है, मैडम. बैठिए."

"नहीं बैठूँगी! आपको फ़ैसले के लिए जो चाहिए, वो आ गया है. इस औरत को क्यों—"

"मैंने," फूलाबाई म्हणाली. "मैंने हओ कहा था."

मागच्या बाकावरून दीर उठला आणि काही न बोलता बाहेर गेला. त्याच्या मागे सासू. पदर ओढून उभी असलेली ती बाई दाराकडे बघत राहिली. तिच्याबरोबर आलेलं आता कुणीच नव्हतं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. मोठं कलम गेलं, निष्काळजीपणाचं राहिलं, आणि शिवलालनं जेलमध्ये काढलेले दिवस शिक्षेत धरून त्याला सोडलं. लोक मॅडमचं अभिनंदन करायला आले, तर त्या प्रत्येकाच्या अंगावर धावून गेल्या. "कशाचं अभिनंदन? माणूस सुटला, आणि बाई रस्त्यावर आली. जा, पेढे तिले द्या!" खरंच, फूलाबाईला त्या रात्रीच घराबाहेर काढलं होतं. नवऱ्याला खाल्लं म्हणे. करंट सोडणारी लाइन कुणाची, डुकरं कुणाची, अर्ज कुणी दाबून ठेवले, यातलं काही नाही. खाल्लं ते बायकोनं. मॅडम तिला हाताला धरून घेऊन आल्या, पण आपल्या टेबलाशी नाही, माझ्या.

"ही तुमची केस आहे, पांडेजी. हलकेचं शेत तिच्या नावावर व्हाले पाहिजे. दिवाणीच्या नावानं वर्षानुवर्षं झोपू नका."

दीर भांडला, तहसीलमध्ये चकरा झाल्या, तारखा पडल्या. प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी मॅडम माझ्यावर ओरडायच्या आणि तारखेच्या दिवशी तहसीलच्या बाबूवर. त्यांच्या छातीत कळा येत होत्या हे मला फार उशिरा कळलं. डॉक्टरनं चिडू नका सांगितलं, तर त्याच्यावरच चिडल्या.

शेताचा ताबा मिळाला त्या दिवशी आम्ही बरगीला गेलो. मी त्यांना हिंडताफिरताना पाहिलं ते त्याच दिवशी शेवटचं. पुढच्याच महिन्यात त्या गेल्या. आम्ही बरगीला गेलो तेव्हा पुन्हा मटाराचे दिवस होते. दीर फिरकला नाही. शिवलाल आला होता, बांधाच्या पलीकडे अंतर राखून उभा. त्यानं आपल्या शेताभोवतीची तार केव्हाच गुंडाळून टाकली होती. फूलाबाईनं शेंगांची ओंजळ मॅडमच्या कोटाच्या खिशात कोंबली. मॅडम म्हणाल्या, "अब यहाँ से किसी को हिलने मत देना. कोई आया, तो पांडेजी को फ़ोन करना. मुझे नहीं, मैं मार डालूँगी उसको."

सूर्य गेला आणि वरच्या शेतातून हाक आली. "तार जुड़ रही है होऽऽ!"

कोणी काही शिकलं नव्हतं. एक माणूस मेला, एक जेलमध्ये गेला, एक बाई बेघर झाली, आणि तार आपली जागच्या जागी. मॅडमचा चेहरा बघून मी दोन पावलं मागे सरकलो. आता त्या वरच्या शेतापर्यंत ऐकू जाईल असं काहीतरी बोलणार, याची मला खात्री होती.

"हओ!" एका शेतातून आलं. "हओऽ!" दुसऱ्या. मग तिसऱ्या. मग सगळी शेतं झाली आणि एकच राहिलं. फूलाबाईचे ओठ सवयीनं उघडले.

मॅडमनी तिच्या दंडाला धरलं आणि मान हलवली. नाही.

वरून पुन्हा हाक आली. "हलके के खेत से बोलो होऽऽ!" शिवलालनं आमच्याकडे बघितलं आणि खाली बघितलं. तिच्या वतीनं त्यानंही हओ दिला नाही. तिसऱ्यांदा हाक आली, तिच्यात आता चीड होती. मॅडम काळ्या कोटात मटारात उभ्या होत्या, फूलाबाईचा दंड घट्ट धरून, छाती वरखाली होत होती, पण तोंड मिटलेलं. त्यांना गप्प उभं राहिलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं.

त्या संध्याकाळी तार जोडली गेली नाही. फूलाबाई सांगते, अजूनही रोज हाक येते, आणि ती हओ देत नाही.